निशिकांत

माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि पडद्यावरचा बाण चालत होता.

आधी वाटलं, टेबल हललं असेल. मी माऊस उचलला, उलटा केला. त्याचा लाल दिवा माझ्या तळहातावर पडला. बाण तरी चालतच राहिला. काही शोधत असल्यासारखा सावकाश तो माझ्या उताऱ्याच्या सुरुवातीला गेला, तिथून खालपर्यंत ओढला गेला, सगळा मजकूर निळा झाला. क्षणभर तसाच राहिला. मग पान कोरं झालं.

मी शिरीषला ऑफिसात फोन लावला.

"अहो, कम्प्युटर आपोआप चालतोय."

"आपोआप म्हणजे?"

"बाण फिरतोय. माझा अख्खा उतारा पुसला गेला. मी हात लावलेला नाही. माऊस माझ्या हातात उलटा आहे."

तो इतक्या हळुवार आवाजात बोलला की मला माझ्याच चढलेल्या आवाजाची लाज वाटली.

"हेमा, सकाळची गोळी घेतलीस?"

"घेतली."

"मग बंद कर तो आणि पड जरा. मी आल्यावर बघतो."

फोन ठेवून मी वळले तर उतारा जागेवर होता. जसाच्या तसा, काना-मात्रेसह. आता मी त्याला आल्यावर काय दाखवणार होते?

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. चंद्रपूरपासून तासाभरावर एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत होतो. शिरीष कोत्तावार कारखान्याच्या कम्प्युटर विभागाचा प्रमुख होता. कॉलनीतल्या सगळ्या क्वार्टर्सना इंटरनेट यायचं ते त्याच्या विभागातून टाकलेल्या केबलवरून, त्यामुळे कुणाच्याही घरी काही अडलं की लोक त्यालाच हाक मारत, आणि तो जाई. बायका मला म्हणायच्या, तुमचे मिस्टर म्हणजे देवमाणूस हो. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे. आता लिहिताना ते हाताला येत नाही.

मी झाडीपट्टीतल्या नाटकांवर पीएच.डी. करत होते. धानाची कापणी उरकली की वडसा, नवरगाव, गडचिरोली या पट्ट्यात गावोगाव मंडप पडतात आणि रात्रभर नाटकं चालतात. त्या नाटकांत कामं करणाऱ्या बायका हा माझा विषय. मी एसटीने जायचे, त्यांच्या घरी बसायचे, बोलणं रेकॉर्ड करून आणायचे. शिरीषने कधी जाऊ नको म्हटलं नाही. परत आले की विचारायचा, "काय म्हणतात तुझ्या नटव्या?" आणि पेपरात डोकं घालायचा.

कम्प्युटर मी माझ्या फेलोशिपमधून घेतला होता. आला त्या दिवशी मी हसत हसत बजावलं होतं, "हा माझा आहे. तुम्ही याला हात लावायचा नाही." तोही हसून "बरं बाई" म्हणाला आणि तो शब्द त्याने पाळला. त्याचं त्याला कौतुकही होतं. कुणी आलं की सांगायचा, "हिच्या कम्प्युटरला मी हातसुद्धा लावत नाही. पासवर्ड पण माहीत नाही मला."

एकदा त्याने एक सीडी आणली. "मराठी शुद्धलेखन तपासणारं काहीतरी आहे म्हणे. फुकट मिळालं. टाकून बघ." मी सीडी घातली, चिन्हावर क्लिक केलं. 'पुढे जायचं का' असं पडद्यावर आलं, मी हो म्हटलं. एक काळी चौकट उघडून लगेच मिटली. बाकी काही झालं नाही.

"चालत नाही वाटतं," मी आतून ओरडले.

"जाऊ दे मग. फुकटची वस्तू," तो बाहेरून म्हणाला.

त्यानंतर माझ्या लिखाणात चुका सापडायला लागल्या. वडशाच्या बाईच्या तोंडी नवरगावच्या बाईची वाक्यं. एकाच पानावर एकच नट मेलेला आणि जिवंत. मी दुरुस्त करायचे, दोन दिवसांनी तीच चूक पुन्हा तिथेच. मार्गदर्शक टोंगे सरांचा नागपूरहून फोन आला.

"मॅडम, तुम्ही पुन्हा भेट रद्द केलीत. मी सुट्टी टाकून थांबलो होतो."

"सर, मी नाही रद्द केली."

"तुमचीच मेल आहे की माझ्यासमोर."

मी पाठवलेल्या मेल्स उघडून पाहिल्या. होती. भाषाही माझीच. खाली मी नेहमी लिहायचे ते 'आपली विद्यार्थिनी' हेसुद्धा होतं. मी म्हटलं, "हो सर, विसरले. चूक झाली." आपण शहाणं दिसावं म्हणून मी खोटं बोलले, आणि तिथून पुढे ते सोपं होत गेलं.

शिरीष मला चंद्रपूरला डॉ. अंबाद्यांकडे घेऊन गेला. मानसोपचार म्हणायचं नाही, "जरा थकव्याचं दाखवून येऊ" म्हणाला. डॉक्टर सज्जन होते. हिच्या कम्प्युटरला मी हातसुद्धा लावत नाही, हे शिरीषने त्यांनाही सांगितलं. मी त्यांना सांगितलं की कुणीतरी माझा कम्प्युटर दुरून चालवतंय असं मला वाटतं. त्यांनी ते फायलीत लिहून घेतलं आणि शिरीषकडे पाहिलं. शिरीषने फक्त मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेने माझं निदान केलं. गोळ्या सुरू झाल्या. तोंड कोरडं पडायचं, बोटं थरथरायची, मग खरोखरच्या चुका व्हायच्या. शिरीष मला वेळेवर पाणी आणून द्यायचा.

हे सगळं मी सोसत गेले असते. पण अंजनाबाई आल्या.

अंजनाबाई मेश्राम म्हणजे झाडीपट्टीतली एके काळची गाजलेली नायिका. सत्तरीच्या होत्या. नवरा अर्ध्यात सोडून गेलेला, नाटकाच्या नाइटांवर, म्हणजे दर प्रयोगाला मिळणाऱ्या पैशांवर, दोन पोरं वाढवलेली. त्यांच्या अंगणात मी कितीदा जेवले असेन. वडशाला त्यांचा सत्कार ठरला होता आणि स्मरणिकेसाठी त्यांच्यावरचा लेख मीच मेलने पाठवला होता. सत्काराला मी गेले नव्हते. गोळ्यांमुळे तेव्हा मला बसमध्ये भोवळ येई.

सत्कार होऊन गेल्यावर एका रविवारी सकाळी कॉलनीच्या फाटकावरून वॉचमनचा फोन आला, कुणी म्हातारी आलीय, तुमचं नाव घेते. अंजनाबाई एकट्याच आल्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी. मी वाकायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतला. पिशवीतून स्मरणिका काढून टीपॉयवर टाकली.

"वाचून दाखवा, बाई. मले वाचता येत नाई. मले नातवानं वाचून दाखोलं, मंडपात, समद्याइच्या पुढं. आता तुमच्या तोंडानं आयकू द्या."

मी पान उघडलं. माझा लेख, माझं नाव. मधल्या उताऱ्यात एक वाक्य होतं. नाटक संपल्यावर अंजनाबाई ठेकेदारांच्या मुक्कामी जात आणि पोरं त्यावरच मोठी झाली, असं ते वाक्य होतं. अगदी माझ्या वळणाचं, सहानुभूतीने लिहिल्यासारखं.

मी ते न वाचताच पान मिटलं.

"मी तुमाले माह्या हातचा भात चारला," अंजनाबाई म्हणाल्या. "माह्या खाटेवर तुमी निजल्या. काऊन लिवलं असं? मी कवा सांगतलं तुमाले असं?"

शिरीष आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"आजी, रागावू नका. हिची तब्येत बरी नाही. डोक्याची औषधं चालू आहेत. काय लिहिते, काय बोलते, तिला कळत नाही. मी हात जोडतो."

अंजनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग गेला होता त्यांचा, आणि जे आलं होतं ते रागाहून वाईट होतं. त्यांनी पाणी घेतलं नाही. स्मरणिका तिथेच ठेवून त्या उठल्या. जाताना दारात म्हणाल्या, "मोठा पोरगा बोलत नाई माह्यासंगं."

मी ते वाक्य लिहिलं होतं का? मला आठवत नव्हतं. पण अलीकडे मला बरंच आठवत नव्हतं. त्या दुपारी मी आरशासमोर उभी राहून स्वतःला विचारलं आणि आरशातल्या बाईने नाही म्हटलं नाही.

संघमित्रा रामटेके माझी वसतिगृहातली मैत्रीण. चंद्रपूरच्या एका कॉलेजात कम्प्युटर शिकवायची. स्मरणिकेचा बोभाटा तिच्यापर्यंत पोचला तशी ती थेट घरी आली. शिरीष त्या आठवड्यात कंपनीच्या कामाने हैदराबादला होता.

"तू ते वाक्य लिहिलं नाहीस," तिने चप्पल काढता काढताच सांगितलं.

"तुला काय माहीत? मलाच माहीत नाही."

"मला माहीत आहे. लेख पाठवायच्या आधी तू मला पेनड्राइव्हवर दिला होतास, वाचून बघ म्हणून. आठवतं? माझ्याकडे अजून आहे. त्यात ते वाक्य नाही."

मी तिला बाणाचं, पुसल्या गेलेल्या उताऱ्याचं सांगितलं आणि कम्प्युटर सुरू करून दिला.

ती कम्प्युटरसमोर बसली. चालू असलेल्या प्रोग्रॅमांची रांग तिने उघडली होती आणि एकेकावर बोट ठेवत जात होती. एका नावावर थांबली.

"हे नाव बघ. सिस्टिमच्या फायलीसारखं आहे, पण एक अक्षर वेगळं. गर्दीत उभं राहावं तसं उभं आहे, कुणी विचारू नये म्हणून. आणि हे सारखं बाहेर बोलतंय. तू काही करत नसताना."

"कुणाशी?"

"सांगते. आधी हे ऐक. याला बॅकडोअर म्हणतात. मागचं दार. ते बाहेरून कुणी फोडत नाही, आतूनच उघडलं जातं. तू कधी काही टाकून घेतलंस का, जे चाललंच नाही?"

मी सीडीचं सांगितलं. शुद्धलेखनाची, काळ्या चौकटीची.

"हेच. ते चाललं होतं. तू हो म्हटलंस आणि हा आत येऊन बसला. आता कम्प्युटर सुरू झाला की हाही सुरू होतो आणि आपल्या मालकाला हाक मारतो की मी जागा आहे. मालक पलीकडे बसून तुझा पडदा बघतो. तू दाबलेली प्रत्येक कळ त्याला दिसते. पासवर्डसुद्धा. त्याच्या मनात आलं तर तो बाण फिरवतो, वाक्य पुसतो, परत आणतो. तुझ्या नावाने मेल पाठवतो, आणि ती खरोखरच तुझ्या मशीनवरून गेलेली असते, त्यामुळे कुणी तपासलं तरी तूच सापडशील. हा वर बसवलेला कॅमेरा आहे ना, तोही त्याचाच."

"पण अँटीव्हायरस आहे की."

"आहे. त्याला या फायलीकडे बघू नकोस म्हणून सांगून ठेवलंय."

मग तिने तो पत्ता शोधला. कॉलनीच्याच केबलवरचा होता, कारखान्याच्या आतला. तिने काहीतरी टाइप केलं आणि पलीकडच्या मशीनचं नाव पडद्यावर आलं. कम्प्युटर विभाग, आणि पुढे शिरीषची आद्याक्षरं.

संघमित्रा माझ्याकडे वळली नाही. तशीच पडद्याकडे बघत राहिली. मी उठले, स्वयंपाकघरातून गोळ्यांचं पाकीट आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"मग हे कशासाठी?"

"हेमांगी, मी हे आत्ता पुसून टाकते. मग पोलिसात जाऊ."

"काय सांगू पोलिसांना? की माझा कम्प्युटर कुणी दुरून चालवतं? हे मी डॉक्टरांना सांगितलंच आहे. फायलीत लिहिलंय." मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "मला एवढंच सांग. आपल्याला कळलंय हे त्याला कळेल का?"

"आत्ता तो पलीकडे बसलेला नाही. तू आधीसारखीच वागलीस तर नाही कळणार."

"मग पुसू नकोस. तुझ्याकडे त्याची नक्कल ठेव आणि जा."

तो हैदराबादहून माझ्यासाठी मोत्याचे डूल घेऊन आला. मी घातले. गोळी त्याच्यासमोर तोंडात टाकली आणि मोरीत जाऊन थुंकली. दुसऱ्या दिवशी दुपारी कम्प्युटर उघडला, कोरी फाइल घेतली आणि पहिलं वाक्य लिहिलं.

'आज निशिकांत आला होता.'

निशिकांत नावाचा कुणी मला माहीत नव्हता, आजही नाही. नाव सहज आलं. मी जास्त काही लिहिलं नाही. तो मागच्या बाजूने आला, अर्धा तास बसला, कम्प्युटर बंद ठेवून माझ्या प्रकरणातली दोन पानं मी त्याला कागदावरून वाचून दाखवली, एवढंच. फाइल जपून ठेवली आणि कम्प्युटर बंद केला.

रात्री जेवताना शिरीषने विचारलं, "आज कुणी आलं होतं का गं?"

"कोण येणार?"

"नाही, सहज."

मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

रोज दुपारी मी निशिकांतला थोडा थोडा घडवू लागले. त्याला चष्मा दिला नाही, कारण चष्मेवाले कॉलनीत थोडे होते आणि मला कुणावर आळ यायला नको होता. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं आहे असं लिहिलं, दाराच्या फटीत सापडून झालेलं. त्याचं हसणं दिलं. तो माझं लिखाण ऐकताना मध्ये बोलत नाही, हे लिहिलं. शारीरिक असं फारसं काही लिहिलं नाही. न लिहिलेलंच शिरीष जास्त वाचत असणार.

माझ्या प्रबंधातल्या चुका थांबल्या. त्याला आता त्यात रस उरला नव्हता. एकदा मी वाक्य अर्धं सोडून मुद्दाम खिडकीकडे बघत बसले. काही वेळाने पडद्यावरचा बाण किंचित हलला, ओळीच्या टोकाशी गेला आणि थरथरत थांबला. तो वाट बघत होता. मी हात मांडीवर ठेवून त्याला खूप वेळ वाट बघू दिली.

एका दुपारी तो अवचित घरी आला. मी झोपले होते. त्याने मोरीत पाहिलं, मागचं अंगण पाहिलं, पाणी पिऊन गेला. तो गेल्यावर मी लिहिलं, 'आज थोडक्यात वाचलो. निशिकांत फाटकातून बाहेर पडला आणि शिरीष आला.' त्या संध्याकाळी चहा तसाच ठेवून त्याने पुन्हा मागचं अंगण पाहिलं.

कॉलनीच्या गणपतीत प्रसाद वाटायचं काम दरवर्षी त्याच्याकडे असे. त्या वर्षी मी बायकांच्या रांगेत उभी राहून बघत होते. पुरुष उजवा हात पुढे करत होते आणि तो मोदक ठेवायच्या आधी प्रत्येकाचा अंगठा बघत होता. जनरल मॅनेजरचासुद्धा. एकाने विचारलं, "कोत्तावार साहेब, हात बघायला कधीपासून लागलात?" सगळे हसले. तोही हसला, आणि पुढचा हात बघू लागला.

मग मी शिरीषबद्दल लिहायला लागले. लिहिलं की त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास मला सहन होत नाही. त्या आठवड्यात कपाटातली तेलाची बाटली गेली. लिहिलं की जेवताना तो तोंडाचा आवाज करतो, निशिकांत करत नाही. शिरीष ओठ मिटून चावू लागला, इतक्या सावकाश की ताट संपेना. लिहिलं की तो हळू आवाजात बोलतो तेव्हा मला सापाची आठवण येते. त्यानंतर तो माझ्याशी बोलायचाच थांबला, कारण दुसरा आवाज त्याच्याकडे नव्हता. तो वाळत चालला. डोळ्यांखाली काळं आलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या आजारपणाचं त्यांनी फार मनाला लावून घेतलंय हो." मी हो म्हटलं.

मला दया आली नाही. अंजनाबाईंनी पाय मागे घेतला होता तो मला दिसत असायचा. पण खरं सांगायचं तर त्यांची आठवण नसती तरी मी लिहिलंच असतं. दुपार कधी होते याची मी वाट बघायचे.

दिवाळीआधी डॉ. अंबाद्यांकडे तपासणीची तारीख होती. संघमित्राला मी दवाखान्यात यायला सांगितलं होतं. ती बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसली. शिरीषचं तिच्याकडे लक्षही गेलं नाही.

डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली. "छान. चेहरा टवटवीत आहे आज. झोप?"

"चांगली लागते."

"ते कुणीतरी कम्प्युटर चालवतं वगैरे?"

"आता चुका होत नाहीत डॉक्टर."

"उत्तम." ते शिरीषकडे वळले. "तुमचीच तब्येत उतरलेली दिसते. हिच्याकडे बघताना स्वतःकडे..."

"डॉक्टर, हिचं बाहेर आहे," शिरीष म्हणाला.

तो हळुवार आवाज गेला होता. किरटं, फाटलेलं काहीतरी होतं.

"मला कळलं नाही."

"हिच्याकडे माणूस येतो. मी कामावर गेल्यावर. मागच्या दाराने. हे सगळं खोटं आहे, हिचं आजारपणसुद्धा."

"तुम्ही पाहिलंत त्याला?"

"पाहायची काय गरज? मला माहीत आहे. विचारा तिला. विचारा, हा निशिकांत कोण आहे?"

मी पदर सावरला आणि डॉक्टरांकडे बघून बोलले.

"डॉक्टर, हे नाव मी आजवर तोंडाने उच्चारलेलं नाही. एकाही माणसाजवळ नाही. ते फक्त माझ्या कम्प्युटरवर टाइप केलंय. त्याला पासवर्ड आहे. आणि हे तुम्हाला काय म्हणाले होते, ते तुमच्या फायलीत असेल. की हिच्या कम्प्युटरला मी हातसुद्धा लावत नाही."

डॉक्टरांनी फाइल उघडली. दोन पानं मागे गेले. वाचलं. पेन खाली ठेवलं.

"कोत्तावार," ते म्हणाले, "तुम्ही हे कुठे वाचलंत?"

शिरीषने माझ्याकडे पाहिलं. पाहता पाहता त्याला कळत गेलं. तरी त्याने विचारलेला प्रश्न दुसराच होता.

"कोण आहे तो?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मीच केला. तुम्ही वाचता हे कळल्यावर."

"खोटं बोलते. बघा, तुमच्यासमोर खोटं बोलते! त्याचा अंगठा..."

मी संघमित्राला आत बोलावलं. तिने तिचे कागद आणि सीडी टेबलावर ठेवली आणि वर्गात समजावून सांगतात तसं सगळं सांगितलं. डॉक्टर मध्ये मध्ये विचारत होते आणि विचारताना त्यांना माझ्याकडे बघता येत नव्हतं. शेवटी त्यांनी शिरीषला विचारलं, "का केलंत?"

तो टेबलावरच्या सीडीकडे बघत बोलला.

"मला फक्त बघायचं होतं. ही दिवसभर काय करते, काय लिहिते. मग एकदा एक शब्द बदलला. हिला कळलंच नाही." त्याने नाक पुसलं. "हिला वाटलं, आपलंच चुकलं. किती लगेच वाटलं."

नंतर जे व्हायचं ते झालं, आणि फारसं काही झालं नाही. कंपनीने त्याचा राजीनामा घेतला आणि घरगुती बाब म्हणून विषय मिटवला. पोलिसांत तक्रार दिली, ती वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. घटस्फोट मिळाला. त्याच्या अर्जात माझ्यावर निशिकांत नावाच्या इसमाशी संबंधांचा आरोप होता. त्याच्या वकिलाने न्यायालयात त्या इसमाचं आडनाव आणि पत्ता सादर करायला तीनदा मुदत मागितली.

मी संघमित्राला घेऊन वडशाला गेले. अंजनाबाई खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, सीडी, मागचं दार, बाण, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमच्या घरवाल्यानं लिवलं."

"हो."

"अन् नाव तुमचं हाय खाली."

"हो, पण अंजनाबाई..."

"मी आता कोणाकोणाले सांगत फिरू, कम्पुटरनं लिवलं म्हून?" त्यांनी सुपातल्या शेंगा पुन्हा हातात घेतल्या. "जा बाई. तुमची गाडी सुटन."

स्मरणिकेच्या मंडळाने पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापली. तोवर त्या गेल्या होत्या. मोठा मुलगा मयताला आला होता, असं कुणीतरी सांगितलं.

प्रबंध मी पुरा केला. गोंदियाला कॉलेजात नोकरी लागली. शिरीष कुठे आहे हे मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. बरीच वर्षं गेली. मग एकदा तास संपवून मी बाहेर पडत होते तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हेमा, ठेवू नकोस. मला काही नको."

मी ओळखलं. आवाज म्हातारा झाला होता, पण पुन्हा तसाच हळुवार.

"बोला."

"एकच विचारायचं आहे. त्याच्यानंतर कधी फोन करणार नाही. तो... खरंच नव्हता?"

"नव्हता. डॉक्टरांसमोर सांगितलं होतं मी."

"ते राहू दे. तेव्हाचं तेव्हा. आता काय राहिलंय, हेमा? आता तरी खरं सांग."

"खरं तेच आहे. तसा कुणी माणूस नव्हता."

"असं नको करूस. मी पाया पडतो तुझ्या. मला झोप लागत नाही गं. इतकी वर्षं..." तो रडत होता. "एकदा सांग फक्त. मी काही म्हणणार नाही."

जिन्यावरून मुली बडबडत खाली येत होत्या. मी त्यांना वाट द्यायला भिंतीशी सरकले. त्या गेल्या, आवाज खाली विरला.

"मजेत आहे," मी म्हटलं. "आत्ताच चहा घेऊन बाहेर पडला."

पलीकडे त्याने एक मोठा श्वास सोडला, ओझं उतरवून ठेवल्यासारखा.

"मला माहीतच होतं," तो म्हणाला.